शिळ्या कढीला ऊत

अ‍ॅट द ड्राइव्ह-इन या अमेरिकन रॉक बँडबद्दल '१७ वर्षांनी नवा अल्बम घेऊन परत आले हेच खूप, खोट कशाला काढायची?' असं कुणी म्हणतं, ते काही पटलं नाही. त्यांचा २००० चा 'रिलेशनशिप ऑफ कमांड' आणि २०१७ चा 'इंटर एलिया' लागोपाठ ऐका. नवा अल्बम वाईट नाहीये हो, पण सुरक्षित आहे. तेच करवती गिटार, तीच किंचाळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वेग.

जुन्यात 'इनव्हॅलिड लिटर डिपार्टमेंट' हे गाणं होतं. बँडच्या गावाच्या, टेक्ससमधल्या एल पासोच्या पलीकडे, सीमेपारच्या मेक्सिकोतल्या हुआरेझमधल्या बायकांच्या खुनांवरचं. गायक सेड्रिक कडव्यांमध्ये जवळजवळ बोलतोच, आणि मग गाणं हळूहळू पेटत जातं. अशी थांबून श्वास घेणारी जागा नव्यात मला तरी सापडली नाही.

नव्या अल्बमात जुना गिटारवादक जिम वॉर्ड नव्हता, मान्य. पण मधल्या काळात मार्स व्होल्टा या आपल्या दुसऱ्या बँडमध्ये लॅटिन ताल, जॅझ, काय काय घुसळणारी सेड्रिक आणि गिटारवादक ओमारची जोडी होतीच की! (मार्स व्होल्टा कधीकधी अती करायचे, तो भाग वेगळा.) ज्यांना एवढं येतं त्यांनी स्वतःचीच नक्कल करावी, याचा जास्त राग येतो. नवख्या बँडने हाच अल्बम काढला असता तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.