मेलबर्नहून येताना सिंगापूरला थांबायचंय : किती रात्री, किती रोख, कुठल्या नोटा?

दादरची आई

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही दोघं मेलबर्नला लेकीकडे निघतोय. तिचं बाळंतपण आहे, मार्चअखेर परत. विमान सिंगापूरला बदलायचं आहे, तर ह्यांचं म्हणणं, एवढं लांब जातोच आहोत तर दोन दिवस उतरून सिंगापूर बघू. मलाही पटतंय, पण हिशोब लागत नाही.

जाताना थांबावं की येताना? दोन दिवस म्हणजे हॉटेलच्या किती रात्री धरायच्या? पैशांबाबत तर प्रत्येकाचा सल्ला वेगळा. लेक म्हणते रोख आणूच नका, सगळं कार्डावर होतं. ह्यांना खिशात नोटा असल्याशिवाय चैन पडत नाही. स्टेशनजवळचा मनी चेंजर म्हणतो, सगळे अमेरिकन डॉलर घ्या, जगात कुठेही मोडता येतात. आम्ही शाकाहारी, माझे गुडघे फार चालू देत नाहीत. तिकीट याच आठवड्यात काढायचंय, म्हणून घाई.

फोर्टचा काउंटर

ताई, मी फोर्टात परकीय चलनाच्या काउंटरवर बसूनच निवृत्त झालो. मुलांकडे निघालेले आईवडील हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. अमेरिकन डॉलरचा सल्ला ऐकू नका. रुपयांचे अमेरिकन डॉलर करताना एकदा पैसे कापले जातात, त्यांचे ऑस्ट्रेलियन डॉलर करताना पुन्हा, आणि सिंगापूरला तिसऱ्यांदा. ज्या देशाच्या नोटा इथे सहज मिळत नाहीत तिथे जाताना अमेरिकन डॉलर ठीक. ऑस्ट्रेलियन आणि सिंगापूर डॉलर मुंबईत रोज मिळतात, थेट तेच घ्या.

पण त्याआधी मुक्काम ठरवा. रोख किती हे त्यावर ठरतं, आणि लोक नेमकं उलटं करतात.

येतानाच थांबा. जाताना तुमच्या बॅगा ठासून भरलेल्या असणार. 24 तासांपेक्षा जास्त थांबलात तर बहुतेक वेळा सामान सिंगापूरलाच ताब्यात घ्यावं लागतं, आणि तो बोजा घेऊन तुम्ही हॉटेल गाठणार. लेकीची काळजी डोक्यात असताना हिंडण्यातही मन लागत नाही. येताना बॅगा हलक्या आणि जीवही हलका. तिकीट मात्र एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर काढा. मधला मुक्काम त्यातच घालून मागा, दोन वेगळी तिकिटं जोडू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

रात्री दोन धरा, आणि मेलबर्नहून सकाळचं विमान बघा. प्रवास जेमतेम आठ तासांचा, आणि मार्चमध्ये सिंगापूरचं घड्याळ मेलबर्नच्या तीन तास मागे असतं. अकराला निघालात तर तिथल्या चारच्या सुमारास उतरता. हॉटेलच्या खोल्या दुपारी दोन-तीनला उघडतात, म्हणजे ताटकळणं नाही. रात्रीचं विमान घेतलंत तर पहाटे उतरून खोलीची वाट बघत लॉबीत बसावं लागेल आणि तो दिवस झोपेतच जाईल. साठीच्या माणसांसाठी तो दिवस मोजूच नये. पहिल्या संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. बाहेरची बाग आणि रात्रीचा दिव्यांचा खेळ, दोन्हीला तिकीट नाही. दुसरा अख्खा दिवस तुमचा : सकाळी ऊन चढायच्या आत बोटॅनिक गार्डन्स (2015 पासून जागतिक वारसा यादीत आहे, तेही फुकट), दुपारी लिटल इंडिया. सेरंगून रोडवर कोमला विलास हे 1947 पासूनचं शाकाहारी हॉटेल आहे. पावसाची सर रोजची समजा, छत्री हवीच.

आता रोख. सिंगापूरसाठी दोघांत मिळून 150 ते 200 सिंगापूर डॉलर पुरतात. हॉटेल आणि तिकिटं कार्डावर, मेट्रो-बसला तर तुमचं टॅप करायचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट चालतं. रोख लागते ती हॉकर सेंटरला (खाण्याच्या गाड्यांचं एकत्र ठिकाण) आणि छोट्या दुकानांत. 10 च्या नोटा मागून घ्या. ऑस्ट्रेलियासाठी 500 ते 600 ऑस्ट्रेलियन डॉलर, 20 आणि 50 च्या नोटांत. साहेबांना सांगा, एवढ्या नोटा खिशात असल्या की पुरे. नियमाने माणशी एका प्रवासाला 3000 अमेरिकन डॉलरच्या किमतीपर्यंत रोख नेता येते, पण नेता येते म्हणून नेऊ नये.

काउंटरवर “आज रेट काय?” असं विचारू नका. विचारा, “600 ऑस्ट्रेलियन डॉलर हातात द्यायला जीएसटी धरून एकूण किती रुपये घेणार?” तीन ठिकाणी हाच प्रश्न विचारा, फरक लगेच दिसेल. एक लाखापर्यंतच्या व्यवहारावर जीएसटी 180 रुपयांच्या वर जात नाही, त्याहून जास्त कोणी ‘कर’ म्हणून लावत असेल तर पावतीवर फोड करून मागा. रोख रुपये 50,000 पर्यंतच घेतात, पुढे चेक किंवा बँकेतून. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन सोबत न्या. विमानतळावर घ्यायचं ठेवू नका, तिथला भाव सहसा महाग पडतो. टीसीएस, म्हणजे परदेशासाठी पैसे घेतानाच आगाऊ कापला जाणारा कर, वर्षाला 10 लाखांच्या पुढे सुरू होतो, तुम्हाला त्याची चिंता नाही.

बाकीचे पैसे फॉरेक्स कार्डावर (आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) भरा, पण दोन्ही चलनं वेगवेगळी भरा. कार्डात फक्त ऑस्ट्रेलियन डॉलर असताना सिंगापूरला वापरलंत तर बदलण्याचे पैसे पुन्हा कापले जातात. आणि हॉटेलचं डिपॉझिट फॉरेक्स कार्डावर कधीही देऊ नका. ती रक्कम अडकते आणि सुटायला बरेच दिवस लागतात. एका जोडप्याचे जेवणाचे पैसे असे अडकले होते, मुलाने तिकडून मदत केली म्हणून निभावलं. डिपॉझिटला क्रेडिट कार्ड द्या. कुठल्याही मशीनने “रुपयांत की डॉलरमध्ये?” विचारलं तर तिथलं चलन निवडा. रुपये निवडले की बदलण्याचा भाव मशीनवाले आपल्या मनाने लावतात.

पार्ले पूर्व

काकांनी येताना थांबा म्हटलंय त्याला माझ्याकडून आणखी एक कारण. बाळंतपणाला जाताय म्हणजे डिंकाचे लाडू नेणार, आणि त्यात खसखस असते. सिंगापूरमध्ये खसखस आणायला बंदी आहे, तिथले अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत. मुक्कामासाठी बाहेर पडलात की बॅग तिथल्या कस्टममधून जाते. अनारसेही तेच. मी माझ्या वहिनीला लाडू खसखस न घालताच करून दिले होते, तुम्हीही तसेच करा.

ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डावर खाण्याच्या प्रश्नाला ‘हो’ लिहा आणि सगळं दाखवा. दाखवलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड. अळीव हे बियाणं आहे, म्हणून ते नेण्याऐवजी मेलबर्नच्या भारतीय दुकानात मिळतं का ते लेकीला आधी बघायला सांगा.

मुलुंडकर

व्हिसाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असलेल्या भारतीयांना सिंगापूरला 96 तास व्हिसाशिवाय थांबता येतं, पण त्याला अटी आहेत आणि शेवटचा निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा. व्हिसाची मुदत संपत आलेली असेल तर अडचण येते. आईवडिलांच्या बाबतीत मी ही जोखीम घेणार नाही. अधिकृत एजंटकडून सिंगापूरचा ई-व्हिसा काढा, आणि मार्चअखेरपर्यंत चालेल ना हे अर्ज करतानाच विचारा.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड (तिथे उतरणाऱ्याने भरायचा माहितीचा फॉर्म) पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन भरता येतं, सरकारी संकेतस्थळावर ते मोफत आहे. पैसे मागणारं पान दिसलं तर बंद करा.

दादरची आई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. ह्यांना वाचून दाखवलं, येताना दोन रात्री नक्की झालं. खसखशीचं मला ठाऊकच नव्हतं, लाडवांचा बेत बदलते. काका, एकच विचारते : उरलेल्या नोटांचं काय करायचं?

फोर्टचा काउंटर

सिंगापूरची नाणी विमानतळावरच खर्च करा, इथे नाणी कोणी परत घेत नाही. नोटा विकायला आणल्यात तर घेतानाच्या आणि विकतानाच्या भावात बरीच तफावत असते, म्हणून थोड्या असतील तर विकूच नका. 2000 अमेरिकन डॉलरच्या किमतीपर्यंत परकीय नोटा घरी ठेवायला परवानगी आहे. नातवंडासाठी पुन्हा मेलबर्नला जाणं होईलच, ऑस्ट्रेलियन नोटा तेव्हा कामी येतील. त्याहून जास्त उरल्या तर परतल्यापासून 180 दिवसांत मोडा, खरेदीची पावती जपून ठेवा.

आणि निघताना दोन-तीन हजार रुपये वेगळ्या पाकिटात टाका. 25,000 पर्यंत भारतीय रुपये बरोबर नेता येतात. परतीचं विमान मुंबईत रात्री उतरलं तर टॅक्सीला तेच लागतील.