‘आविष्कार’ मराठीत घ्यावा का?

धरमपेठची शिक्षिका
आठवीला विज्ञान शिकवते. परवा एका उत्तरपत्रिकेत वाचलं, ‘एडिसनने फोनोग्राफचा आविष्कार केला.’ लाल शाईनं मी ते ‘शोध लावला’ केलं. खालीच वाक्य होतं, ‘क्युरी दांपत्याने रेडियमचा शोध लावला.’ ते बरोबरच, पण दोन्ही वाक्यं शेजारी आली आणि हात थांबला. रेडियम १८९८ च्या आधीही खनिजात होतंच. फोनोग्राफ, म्हणजे आवाज टिपून पुन्हा ऐकवणारं यंत्र, १८७७ पूर्वी जगात कुठंच नव्हता. आपण दोन्हीला ‘शोध’ म्हणतो. हिंदीत खोज वेगळी, आविष्कार वेगळा. नागपूरची पोरं घरी मराठी आणि गल्लीत हिंदी बोलतात. त्या मुलानं हा फरक तिकडून आपसूक उचलला आणि मी तो खोडला. माझ्या मते नव्यानं घडवलेल्या वस्तूसाठी ‘आविष्कार’ मराठीत घ्यावा.

महालकर
ताई, अजिबात नको. मराठीत या शब्दाला स्वतःचं काम आहे: आत असलेलं बाहेर प्रकट होणं. म्हणून तर कलाविष्कार म्हणतो. संस्कृतातलं ‘आविस्’ म्हणजेच उघड. मुळाशी गेलात तर हा शब्द फोनोग्राफपेक्षा रेडियमला जास्त शोभतो! आणि एकदा हिंदीचं माप लावलं की ‘संशोधन’ तरी कुठं टिकेल? हिंदीतलं ‘संविधान संशोधन’ म्हणजे आपली घटनादुरुस्ती. इथल्या नीरीचं, म्हणजे पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेचं, नावच बघा, मराठीत ‘संशोधन संस्था’, हिंदीत ‘अनुसंधान संस्थान’. मराठीत फरक क्रियापद सांभाळतं. पोलीस शोध घेतात, शास्त्रज्ञ शोध लावतो.

धरमपेठची शिक्षिका
‘आविस्’चा मुद्दा मला माहीत नव्हता, तो बिनतोड आहे. क्रियापदाचा मात्र अर्धाच पटला. घेणं आणि लावणं यातून हुडकणं आणि मिळणं एवढंच वेगळं होतं. मिळालेलं आणि बनवलेलं कुठं वेगळं होतं?

पेटंटचं काम करणारा, सिव्हिल लाइन्स
हा फरक नुसता भाषेचा नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात निसर्गातली वस्तू किंवा विज्ञानाचं तत्त्व शोधून काढलं, एवढ्यावर पेटंट मिळत नाही. गोष्ट नवी हवी, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नको आणि उद्योगात वापरता यायला हवी. मग २० वर्षांचा हक्क. माझ्याकडे माणूस येतो आणि म्हणतो, ‘सर, मी शोध लावला.’ पहिला तास हेच विचारण्यात जातो की बाप्पा, सापडलं का बनवलं? वर कोणी पेटंटलाच ‘स्वामित्व हक्क’ म्हणतो, तो तर कॉपीराइट. पेटंटसाठीचा ‘एकस्व’ हा मराठी शब्द कागदावरच राहिला. आणि बोलताना ‘हा त्याचा पेटंट डायलॉग’ म्हणजे नेहमीचा, घासून गुळगुळीत झालेला! नवेपणाच्या शब्दाचं आपण असं करून ठेवलं याचं मला खरंच वाईट वाटतं. मला वेगळा शब्द हवाच.

नागभीडकडची
आमच्या तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात पिवळसर दाण्याच्या वेगळ्या लोंब्या दिसल्या. ते बी त्यांनी जपलं, वर्षानुवर्षं निवडत गेले आणि एचएमटी धान उभं राहिलं. नाव एचएमटी घड्याळावरून पडलं. आता सांगा, सापडलं का बनवलं? लोंबी सापडली, वाण त्यांनी घडवलं. दोन्ही एकाच माणसानं, धानाच्या एकाच बांधीत. तुमच्या दोन खणांत हे कसं बसवणार? पेटंट कायद्यातही वाण बसत नाही, त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. माझे बाबा शोधही म्हणत नाहीत आणि आविष्कारही. ते म्हणतात, ‘दादाजीनं वाण काढलं.’

महालकर
‘काढलं’ छान आहे, पण फोटोही काढतात, दुकानही काढतात आणि दातही काढतात. पाठ्यपुस्तकात नाही चालणार.

धरमपेठची शिक्षिका
का नाही? ‘एडिसनने फोनोग्राफ हे नवं यंत्र काढलं.’ यात कोणाला दात आठवतील? उद्या वर्गात दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिते आणि पोरांनाच विचारते. त्या मुलाचा कापलेला गुण मात्र आजच परत दिला.