मदत हवी आहे: इमॅजिका, दिवाळीची गर्दी आणि दोन लहान मुलं

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याहून खोपोलीला इमॅजिका थीम पार्कला जातोय. गर्दी असणार हे माहीत आहे, पण नवऱ्याला सुट्टी तेवढीच. सोबत सहा वर्षांचा मुलगा (दारामागच्या खुणेप्रमाणे ११२ सेंमी), अडीच वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीच्या सासूबाई. वॉटर पार्क नको, मुक्काम नाही, गाडी स्वतःची.

मे महिन्यात दुसऱ्या एका पार्कात पन्नास मिनिटं रांगेत उभे राहिलो आणि तोंडाशी गेल्यावर उंचीच्या पट्टीला लेक दोन बोटं कमी पडला. तिथेच भोकाड! म्हणून यंदा वेबसाइटवरून राइड्सच्या उंचीची यादी काढून ठेवलीय. नायट्रो (तिथला मोठा रोलर कोस्टर) वगैरे आमच्या कामाचं नाहीच.

अडलंय ते एक्सप्रेस तिकिटावर (जास्त पैसे देऊन वेगळ्या, छोट्या रांगेतून जायचं ते). चौघांचं काढलं तर बजेट कोलमडतं. छोट्यांच्या राइड्सनाही सुट्टीत एवढी रांग असते का, की ते मोठ्या राइड्सपुरतंच कामाचं? शिवाय मुलगी दुपारी दीडला झोपतेच. बाबागाडी ढकलत सावलीत तासभर निवांत बसता येईल अशी जागा आत नेमकी कुठे आहे? हल्ली सुट्टीच्या गर्दीत छोट्यांना घेऊन कोणी जाऊन आलंय का?