कबीटखेडीला पाणी साफ होतं तर त्रिवेणीला कान्ह काळी का?

रामबागकर:
मंडळी एक विचारायचंय, आईला उज्जैनला त्रिवेणीवर नेलं होतं, शनिमंदिरापाशी, जिथे आपली इंदूरची कान्ह नदी शिप्रेला मिळते. पाणी काळपट, कडेला साबणाचा असतो तसा फेस आणि वास इतका की आई पायरीवरूनच मागे फिरली, पाय सुद्धा बुडवले नाहीत. इंदूर 2021 मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर झालं, म्हणजे कच्चं सांडपाणी नदीत सोडत नाही असा सरकारी शिक्का, नाले टॅप केले म्हणजे त्यांचं पाणी अडवून प्लांटकडे वळवलं, शहरातच कबीटखेडीला 245 एमएलडीचा सांडपाण्याचा प्लांट आहे म्हणजे दिवसाला साडेचोवीस कोटी लिटर, मग असं का? कोणी या लाइनमधलं असेल तर नीट समजवा, फार वाईट वाटलं.

गाळवाला:
मी दुसऱ्या शहरात एसटीपीवरच आहे, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर. कबीटखेडीचा मोठा प्लांट एसबीआर आहे, म्हणजे एकाच टाकीत सांडपाणी भरायचं, खालून हवा सोडायची, बॅक्टेरिया घाण खातात, मग हवा बंद केली की गाळ तळाला बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी काढून क्लोरीन देऊन सोडायचं. पद्धत चांगलीच आहे हो. पण बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खायला बॅक्टेरियांना दर लिटरला किती मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो तो आकडा, आउटलेटला 10 आला की आम्ही खूश असतो आणि आंघोळीच्या पाण्याला तो 3 च्या आत लागतो! 10 वाल्या एका लिटरला 3 वर आणायचं तर बीओडी 1 असलेलं साडेतीन लिटर पाणी त्यात मिसळायला हवं, आणि कान्हला पावसाळा सोडला तर स्वतःचं पाणी आहेच कुठे, शहरातून जे सुटतं तीच नदी. त्यात कुठे एखादा नाला टॅप व्हायचा राहिला, कुठे पंप बंद पडला की तेवढं कच्चं पाणी सरळ आत. फेस बहुतेक डिटर्जंटचा.

शिप्राकाठची:
आम्ही उज्जैनचे, दरवर्षी बघतो. स्नान आलं की त्रिवेणीला मातीचा बांध घालून कान्ह अडवायची आणि पाणी वाढलं की बांध वाहून जातो, सगळं रामघाटाकडे, जिथे लोक स्नान करतात. 2016 च्या सिंहस्थाआधी राघोपिपल्याहून कालियादेहपर्यंत पाइपलाइन पण टाकली, घाण घाटांना वळसा घालून खाली सोडायची. पण खालच्या गावांनी काय करायचं, ती पण माणसंच आहेत ना, त्यांची गुरं तेच पाणी पितात.

रामबागकर:
ताई बरोबर बोललात, हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. मग आपण इंदूरवाल्यांनी मागायचं काय?

गाळवाला:
दोन गोष्टी. एक म्हणजे आकडे नुसते प्लांटच्या आउटलेटचे नकोत, इंदुरात कृष्णपुरा छत्री, वाटेत सांवेर आणि शेवटी त्रिवेणी इथले बीओडी, विरघळलेला ऑक्सिजन आणि फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले बॅक्टेरिया) दर महिन्याला लावा म्हणावं, एप्रिल-मे चे तर नक्कीच कारण तेव्हाच नदीचं खरं रूप दिसतं. दुसरं, सांवेर रोडच्या कारखान्यांचं पाणी वेगळं तपासा, रंग आणि केमिकल आमचे बॅक्टेरिया खात नाहीत, उलट तेच मरतात आणि मग टाकी परत लाइनवर यायला कित्येक दिवस जातात.