कुतुबमिनार पुन्हा चढू द्यावा की नको?

टिळकवाडीकर: दिल्लीला जाऊन कुतुबमिनार बघितला. ७३ मीटर उंची, आणि आपण खालून मान मोडेस्तोवर फोटो काढायचे! जिना १९८१ पासून बंद. विजापूरला गोल घुमटाच्या कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यातून आपण वर जातोच की. इथंही मोजकी माणसं, वेळ ठरवून तिकीट, सोबत रखवालदार असं करून उघडायला काय हरकत आहे?

निपाणीकर: दार उगाच लावलेलं नाही, साहेब. ४ डिसेंबर १९८१ ला आत दिवे गेले, जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जीव गेले. त्यात शाळेची पोरंच जास्त. विजापूरशी बरोबरी कशी करता? तिथं मजल्यागणिक कमानीच्या खिडक्या आहेत, उजेड येतो. कुतुबात एकच गोल जिना, ३७९ पायऱ्या, उजेडाला नुसत्या फटी. बुडाशी १४.३ मीटर असलेला व्यास शेंड्याला २.७ वर येतो. चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले तर सरकायचं कुठं?

टिळकवाडीकर: बॅटरीचे दिवे बसवा. एक तुकडी उतरल्याशिवाय दुसरी सोडू नका. चोर्ला घाटात अपघात होतात म्हणून गोव्याचा रस्ता बंद करतो का आपण?

निपाणीकर: गोव्याला कामासाठी जातो. मिनारावर कुणाचं काम अडलंय?

शहापूरची शिक्षिका: तुम्ही दोघं जिन्यातच अडकलाय. अहो, हा मिनार बघायचा खालूनच. पहिल्या मजल्याच्या उभ्या पट्ट्या आळीपाळीनं एक गोल, एक कोनाची. दुसऱ्याला नुसत्या गोल, तिसऱ्याला नुसत्या कोनाच्या. सज्ज्यांच्या पोटाशी छोट्या कोनाड्यांचे थरावर थर, त्याखाली अरबी अक्षरांचे पट्टे. चौथ्यापासून पांढरा संगमरवर दिसायला लागतो, कारण १३६९ ला वीज पडल्यावर फिरोजशहा तुघलकानं वरचा भाग नव्यानं बांधला. जिन्यात शिरलेल्याला यातलं काय दिसणार? अंधार आणि पुढच्याच्या टाचा!

खानापूरकर: बाईंना अनुमोदन. इंग्रज मेजर स्मिथनं १८२८ ला शेंड्यावर छत्री, म्हणजे खांबांवरचा छोटा घुमट, चढवली होती. इतकी विजोड दिसली की १८४८ ला उतरवून बागेत ठेवली. तेही खालून बघूनच कळलं असणार. शिवाय मोजकी तिकिटं म्हटलं की वशिला आलाच.

टिळकवाडीकर: वशिला नको तर सोडत काढा. वरून दिल्ली कशी दिसते हे बघायची हौस असू नये का माणसाला?

निपाणीकर: असावी की. किती वयाच्या माणसाला सोडणार, तेवढं सांगा.

टिळकवाडीकर: अठरा पूर्ण. शाळेच्या सहली अजिबात नाहीत.

निपाणीकर: म्हणजे बाईंच्या पोरांनी खालूनच बघायचं. मग मी वेगळं काय म्हणत होतो?