सरकारने शाळा-दवाखाने चालवावेत, की पैसे देऊन बाजूला व्हावं?

सिन्नरचा_बाळू

घरात वाद पेटलाय, म्हणून इथे विचारतोय. मेव्हणा हिंजवडीत आयटीत आहे. त्याचं म्हणणं, सरकारने पोलीस, कोर्ट आणि रस्ते बघावेत, शाळा-दवाखाने हे त्याचं काम नव्हे. गरिबाच्या हातात कूपन द्यावं, तो हवी ती शाळा आणि हवा तो डॉक्टर निवडेल.

माझी पंचाईत अशी की मी दोन्हीकडचा आहे. वडिलांची अँजिओप्लास्टी जन आरोग्य योजनेतून खासगी हॉस्पिटलात झाली, म्हणजे मेव्हण्याच्या कूपनातलाच प्रकार. धाकटी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरिबांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांच्या, लॉटरीतून इंग्लिश मीडियमला. थोरला झेडपीत शिकला, आणि खरं सांगू, गणित त्याचंच पक्कं आहे. त्यातून 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्या 25 टक्क्यांतून सूट. पोरीची शाळा यादीतून गेली. जुलैत हायकोर्टाने तो बदल रद्द केला तेव्हा कुठे प्रवेश झाला. मग पोरीला हक्क दिला कोणी? सरकारने, की सरकारला अडवून कोर्टाने?

अनुभव असेल त्यांनी लिहा. पक्षबिक्ष मध्ये आणू नका.

मोकळा_माणूस

मेव्हण्याचं बरोबर आहे, आणि प्रश्न नुसता पैशाचा नाही. जो पोसतो तो हुकूम सोडतो. 1897 चा पुण्यातला प्लेग आठवा. साथ खरीच होती, घरात घुसून झडत्या घेणारे गोरे सोल्जरही लोकांच्या आरोग्याचंच नाव घेत होते. आज तसं रानटी काही नाही, पण खोड तीच. तिसरं मूल झालं तर पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हा आपल्याच राज्याचा कायदा. कोविडात दोन डोस नसतील तर लोकलचा पास नाही. लसीची सक्ती कोणावर करता येत नाही, हे 2022 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. शाळा सरकारची, दवाखाना सरकारचा, आपल्या सगळ्या नोंदीही त्याच्याकडे. मग माणसाने नाही म्हणायचं कुठे उभं राहून?

वाडीवरचे_गुरुजी

सक्तीचा इतिहास सांगताय तर निम्माच का सांगता? 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. त्या काळातला रुपया! त्याआधी सयाजीरावांनी अमरेलीत करून बघितलं आणि 1906 मध्ये बडोदा संस्थानभर लागू केलं. जोतीरावांनी तर 1882 मध्येच हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं होतं. बापाचं स्वातंत्र्य जपत बसले असते तर पोरगी शेण्या थापत राहिली असती. तिच्या स्वातंत्र्याचं कोणी बघायचं?

कूपनाचं म्हणाल तर आमच्या वाडीवर या आणि वटवून दाखवा. पट सतरा. सतरा पोरांसाठी कोणत्या इंग्लिश मीडियमची बस घाट चढून येणार आहे? आणि असं समजू नका की सरकारला आमचा फार पुळका आहे. 2023 मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं ठरलं, पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण दिलं गेलं. कागदावर झकास. श्रावणात आमच्या ओढ्याला पाणी येतं तेव्हा पहिलीतलं पोर पलीकडे कसं न्यायचं, ते त्या कागदात नाही. म्हणजे मेव्हण्याचं म्हणणं सरकारलाही मनातून पटतंच.

शिकवायला वेळ कमी मिळतो, हे मान्य. या आठवड्यात अपार आयडीची, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या देशभरच्या ओळख क्रमांकाची, संमतीपत्रं गोळा करतोय. फॉर्मवर 'संमती' छापलंय, आणि व्हॉट्सॲपवर रोज सकाळी विचारणा, तुमचं शंभर टक्के झालं का? यात मी मोकळा_माणूस यांच्या बाजूला.

पंधरा_खाटा

मी डॉक्टर, तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचं हॉस्पिटल, बायको भूलतज्ज्ञ. 'आरोग्याचा हक्क' ऐकलं की आमच्यासारखे दचकतात. का, ते सांगतो. राजस्थानात 2023 मध्ये तसा कायदा आला. इमर्जन्सीचा पेशंट आगाऊ पैसे न मागता घ्या, सरकार नंतर देईल. कधी आणि किती, ते पुढे नियमांत बघू. डॉक्टर रस्त्यावर उतरले, तेव्हा पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलांना वगळायचं सरकारने कबूल केलं.

बाळूभाऊ, तुमच्या मुलीच्या शाळेला विचारा. आरटीईच्या एका मुलामागे सरकारने वर्षाला 17,670 रुपये ठरवलेत, ते वेळेवर येतात का? हक्क जाहीर करणार सरकार, उधारी लिहायची आमच्या खात्यावर. मरायला टेकलेला माणूस दारातून मी हाकलणार नाही, सुप्रीम कोर्टाने ते 1989 मध्येच बजावलंय आणि तसं बजावायची गरजही नाही. पण ऑक्सिजनवाला मला सिलिंडर उधार देत नाही.

केसपेपर

मी पुण्यात एका धर्मादाय हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर होते. आता सोडलं. हॉस्पिटलचं नाव विचारू नका.

बाळू, तुझ्या मेव्हण्याला हवं असलेलं जग माझ्या टेबलासमोर रोज रांग लावून उभं असायचं. हॉस्पिटल ट्रस्टचं, डॉक्टर खासगी, सरकार काहीच चालवत नाही. नियम एकच. धर्मादाय म्हणून सवलती घेताय ना, मग दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. विश्वस्त कायद्याचं 41-एए कलम, आणि त्यावरून मुंबई हायकोर्टाने 2006 मध्ये लावून दिलेली योजना. बाकीच्या पेशंटच्या बिलांतले दोन टक्के वेगळ्या फंडात, त्याला आम्ही आयपीएफ म्हणतो, आणि खर्च त्या फंडातून. इमर्जन्सीला डिपॉझिट मागायचं नाही. सगळं शुद्ध मराठीत, दर्शनी भागात फलकावर.

फलकाच्या आतलं सांगते. एप्रिल आला की माझ्या पोटात गोळा यायचा. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो. नवा काढायचा म्हणजे तलाठी, सेतू, तहसीलदार. नवरा आयसीयूत आणि घरातला एकुलता एक धडधाकट माणूस गावच्या कचेरीत 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकत बसलेला. एक ऊसतोडीची बाई आठवते. रेशनकार्ड भिजू नये म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून आणलेलं, पिवळं, घडीवर फाटलेलं. कार्डावर नवऱ्याचं नाव दत्तू, आधारवर दत्तात्रय. बिलिंगचा पोरगा मला म्हणाला, मॅडम, नाव जुळत नाही, फाइल होणार नाही. पोरगा वाईट नव्हता, त्याला वरून सांगून ठेवलेलं. त्या बाईने विचारलं, "मग त्यो दुसरा दत्तात्रय कोन हाय?" मी तहसीलला फोन लावत बसले, तोवर तिने कानातलं काढून डिपॉझिट भरलंसुद्धा.

आणि कोट्यातला बेड. वर फोन केला की उत्तर ठरलेलं, आत्ताच गेला. धर्मादाय आयुक्तांच्या साइटवर तोच बेड सकाळपासून रिकामा दिसायचा. मी नातेवाइकांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठून सांगायचे, स्क्रीनशॉट काढा, तक्रार करा. आत बसून सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. (एकदा जाता जाता राहिली. तो विषय इथे नको.) धर्मादाय कार्यालयातून निरीक्षक येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी बेड निघायचे, तेही खिडकीजवळचे. पण जिल्ह्यातली हॉस्पिटलं किती आणि निरीक्षक किती?

म्हणून मला या वादात पहिल्यापासून एक गोष्ट खटकतेय. 'सरकार बाजूला होईल' म्हणजे नेमकं कुठून होईल? शाळा चालवण्यातून झालं तर लॉटरी, यादी, फी, तपासणी हे सगळं वाढतं. दवाखाना चालवण्यातून झालं तर पॅकेज ठरवा, बिलं तपासा, नाकारलेला पेशंट ऐकून घ्या. कूपन छापायला सोपं आहे. ते नाकारणाऱ्याला जाब विचारायला माणसं लागतात, पगारी, आणि त्यांची भरती कोणालाच नकोय. सरकारलाही नको. आरटीईत बाळूच्या पोरीचं तेच झालं. नियम बदलला तेव्हा तिच्यासाठी ऑफिसातलं कोणी बोललं नाही, कोर्टात जावं लागलं.

गुरुजी, तुमच्या वाडीला कूपन नको, गुरुजीच हवेत, हे कोणीही मान्य करेल. पण सरकारी म्हणजे हक्क मिळालाच असं नाही. ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. चांगलंच केलं. तिथून बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी हातात घेऊन आमच्याकडे आलेली माणसं मी पाहिलीत.

डॉक्टरसाहेब, तुमची उधारी खरी आहे, ती व्याजासकट मिळायला हवी. पण पंधरा खाटा आणि पाचशे खाटा एका पंगतीला बसवू नका. त्यांनी सवलती आधी घेतल्यात, तुम्ही नाही.

मोकळा_माणूस, नाही म्हणायचा हक्क मलाही हवा. पण त्या टेबलावर 'नाही' हा शब्द मी काउंटरच्या अलीकडून ऐकला, पेशंटच्या तोंडून क्वचितच. संमतीपत्रावर अंगठा घेताना तर सगळ्यांना अशी घाई, की आपण कशाला हो म्हटलं हे त्याला ऑपरेशननंतर कळायचं. सुधारलेल्या नर्सिंग होम नियमांनुसार 2021 पासून रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावायची आहे. आमच्याकडे होती. मोठ्या कुंडीच्या मागे.

मोकळा_माणूस

कुंडीचं पटलं. पण निरीक्षक वाढवलेत तर त्यांची पाकिटंही वाढतील.

केसपेपर

वाढतील. बिलिंगमध्ये पाकिटं नव्हती असं समजू नका.

सिन्नरचा_बाळू

ताई, मेव्हण्याला हे सगळं पाठवलंय, अजून निळी टिक नाही. एक कामाचं विचारतो. शेजारच्या काकूंना पुढच्या महिन्यात पुण्याला न्यायचंय, हृदयाची झडप. कार्ड केशरी आहे. त्यांना काय काय लागेल?

केसपेपर

आधी जन आरोग्य योजनेत बसतंय का बघ. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे आणि केशरी कार्डही चालतं. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे विचार. त्यात नाही बसलं तर धर्मादाय. चालू वर्षाचा तहसीलचा दाखला आत्ताच काढून ठेवा. कुटुंबाचं उत्पन्न 1 लाख 80 हजारांच्या आत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. कार्ड, आधार, दाखला, तिन्हीवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते घरीच बघा. बेड नाही म्हणाले तर भांडू नका, "लेखी द्या" म्हणा. लेखी कोणी देत नाही, पण बरेचदा तेवढ्यात बेड सापडतो.