मदत हवी आहे: सल्फेट घालूनही कॅल्साइट तेलस्नेहीच राहतोय

पाषाण: स्टिअरिक आम्लाचा थर दिलेल्या कॅल्साइटवर (चुनखडीचं मुख्य खनिज) थेंबाचा स्पर्शकोन 115°; कोन जितका मोठा, तितका पृष्ठभाग तेलस्नेही, म्हणजे तेल धरून ठेवणारा. सल्फेटच्या पाण्यात ठेवून 108°, आणि साध्या डिआयोनाइज्ड पाण्यात चक्क 70°! सल्फेटने तेल सुटायला हवं, म्हणजे उलटं व्हायला हवं ना? सोमवारी गाईडना आकडे द्यायचेत, लवकर सांगा.

क्षारक: तापमान? तेल कुठलं? पाण्यात कॅल्शियम आहे का? कोन कुठल्या बाजूने मोजलाय?

पाषाण: पाण्याच्या बाजूने. तेल डेकेन, तापमान खोलीचंच. 0.1 मोलर सोडियम सल्फेट, बाकी काही नाही.

क्षारक: तिथेच अडलंय. सल्फेट एकट्याने आम्ल हुसकावत नाही. ते पृष्ठभागावर बसून धनभार कमी करतं, मग कॅल्शियम जवळ येतं आणि कार्बोक्सिलेटला (आम्लाच्या चिकटलेल्या टोकाला) सोडवून नेतं. समुद्राच्या पाण्याचं प्रमाण घ्या: कॅल्शियम 13, मॅग्नेशियम 45, सल्फेट 24 मिलिमोलर. आणि 90° सेल्सियसपर्यंत तापवा, कमी तापमानात मॅग्नेशियमचा फारसा उपयोग नाही.

कोरवाला: एवढा खटाटोप कशाला? पाणी पातळ करा. सौदी अरामकोने समुद्राचं पाणी टप्प्याटप्प्याने पातळ करून कार्बोनेट कोरमधून (चुनखडीसारख्या खडकाच्या दंडगोल नमुन्यांतून) जास्त तेल काढलंय.

क्षारक: ते 100° सेल्सियसला, खऱ्या क्रूडवर. शिवाय खडकात अनहायड्राइट (कॅल्शियम सल्फेटचं खनिज) असेल तर पातळ पाण्यात तो विरघळतो आणि सल्फेट तोच पुरवतो. इथला 70° चा कोन बहुधा आयनांमुळे नाहीच: कॅल्साइट विरघळला आणि आम्लाचा थर त्याच्यासोबत निघून गेला.

कोरवाला: थर निघाला तरी तेल सुटतंच की!

क्षारक: सुटतं. पण मग मोजता काय आहात, आयन की झीज?

सिंधुसागर: सल्फेट वाढवताना बेरियम बघा. तेलाच्या खडकातल्या मूळ पाण्यात बेरियम असलं की बॅराइट (न विरघळणारं बेरियम सल्फेट) बसून विहीर चोंदते. मुंबई हायच्या चुनखडीतही समुद्राचंच पाणी सोडतात.

पाषाण: माझ्याकडे बेरियम नाही हो. झीज कशी टाळू?

चुनखडी: प्रत्येक पाणी आधी कॅल्साइटच्या भुकटीबरोबर ढवळा, हवेला उघडं, पीएच थांबेपर्यंत. मग 0.22 मायक्रॉनमधून गाळा. तुलनेच्या पाण्यात 24 मिलिमोलर सोडियम सल्फेटच्या जागी 72 मिलिमोलर मीठ घाला, म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थ (आयनांच्या भारांचा एकूण जोर) तीच राहील. तापवताना सेल बंद हवा. सल्फेट चौपट केलंत तर अनहायड्राइटचे कण बसतात, कारण तापमान वाढलं की तो कमी विरघळतो. अशा खरखरीत पृष्ठभागावरचा कोन धरू नका. आणि थर न दिलेली एक कॅल्साइटची चकतीही सोबत ठेवा.

पाषाण: भुकटी त्याच स्फटिकाची चालेल ना?

चुनखडी: तीच उत्तम.